दुसऱ्या पसंतीस मनाई

२० ऑगस्ट १९६९ रोजी दिल्लीत राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी चालू होती. उमेदवार पंधरा होते. परंतु खरी झुंज तिघांतच होती. एक श्री. वराहगिरी वेंकट गिरी, दुसरे श्री. नीलम संजीव रेड्डी आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीची मते मोजून झाली तेव्हा गिरींच्या नावावर ४,०१,५१५, रेड्डींच्या नावावर ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांच्या नावावर १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते जमा होती. निवडून येण्यास ४,१८,१६९ मते हवी होती आणि तेवढी कोणाजवळच नव्हती. मग तळाच्या उमेदवारांस एकेक करून बाद करण्यात आले, आणि त्यांच्या मतपत्रिकांवर ज्याच्या नावासमोर पुढची पसंती लिहिलेली होती त्याच्या पदरात ती मते घालण्यात आली. ह्या फेरवाटपात रेड्डींस गिरींपेक्षा कितीतरी अधिक मते लाभली. तरी मूळची आघाडी काही तुटली नाही. अखेरची बेरीज झाली ती गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ अशी. त्या निकालाने गिरी राष्ट्रपती झाले.

मतदाराने एकाच नावापुढे खूण न करता आपली आवड एक, दोन, तीन अशा क्रमाने नोंदवावी, ही ह्या पद्धतीमागची मूळ कल्पना. आपल्या राज्यघटनेत तिला 'एकल संक्रमणीय मत' असे काहीसे भारदस्त नाव आहे. आपण तिला पसंतीक्रमाचे मतदान म्हणू. आपल्या देशात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभेचे सदस्य आणि विधानपरिषदेचे पदवीधर व शिक्षक प्रतिनिधी हे सारे ह्याच तत्त्वाने निवडले जातात, आणि त्याबद्दल कोणी फारसा वाद घालीत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र २०२२ ते २०२५ ह्या चार वर्षांत निदान सतरा राज्यांनी ही पद्धत कायद्याने निषिद्ध ठरविली. आपल्या राज्याने ती वापरू नये एवढेच त्यांनी ठरविले नाही. राज्यातील कोणत्याही गावाने वा शहरानेही ती वापरता कामा नये, असा तो निर्बंध आहे. एखादी पद्धत न स्वीकारणे आणि ती कोणासही स्वीकारू न देणे ह्यांत बरेच अंतर आहे. ते अंतर अमेरिकेने कसे ओलांडले, ह्याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ह्या कल्पनेचा उगम अमेरिकेतला नव्हे. डेन्मार्कमधील कार्ल आन्द्रे ह्या गणितज्ञ मंत्र्याने १८५५ च्या सुमारास आणि इंग्लंडातील थॉमस हेअर ह्या बॅरिस्टराने १८५७ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. जॉन स्टुअर्ट मिल ह्यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. हेअर ह्यांची योजना अनेक जागा एकाच वेळी भरावयाच्या असल्या तर उपयोगी पडणारी होती. जागा एकच असेल तर तीच युक्ती कशी वापरावी, हे १८७० च्या सुमारास विल्यम वेअर ह्या अमेरिकन गृहस्थाने दाखवून दिले. हे गृहस्थ राजकारणी नव्हते; मॅसॅच्युसेट्समधील तंत्रविद्येच्या संस्थेत ते वास्तुशास्त्र शिकवीत असत.

अमेरिकन शहरांनी ह्या पद्धतीस जवळ केले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. शहरांचा कारभार त्या काळी पक्षांच्या टोळ्यांनी आणि त्यांच्या मुकादमांनी ग्रासलेला होता. ओहायो राज्यातील ॲश्टाब्यूला ह्या लहानशा शहराने १९१५ मध्ये पसंतीक्रमाची पद्धत आपल्या नगरसनदेत घातली. पुढे क्लीव्हलंड, सिनसिनाटी, टोलीडो अशी मोठी शहरे तिच्यामागोमाग गेली. एकूण दोन डझनांच्या आसपास शहरांनी केव्हा ना केव्हा हा प्रयोग करून पाहिला. त्यांतले सर्वांत मोठे शहर म्हणजे न्यूयॉर्क. तेथे १९३५ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षास सुमारे दोन तृतीयांश मते पडली आणि ६५ पैकी ६२ जागा मिळाल्या. उरलेल्या एक तृतीयांश नागरिकांस जणू आवाजच राहिला नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मतदारांनी कौल देऊन पसंतीक्रमाची पद्धत आणली आणि १९३७ मध्ये तिच्याप्रमाणे पहिली निवडणूक झाली.

येथेच पहिला धडा मिळतो. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या घटना-परिषदेने ही पद्धत राज्यभर निषिद्ध करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे आज घडते आहे तेच तेव्हाही घडू पाहत होते. परंतु तो प्रस्ताव मतदारांपुढे गेला आणि मतदारांनी तो फेटाळून लावला. पुढे नऊ वर्षांनी हीच पद्धत न्यूयॉर्क शहराने स्वतःच्या मतांनी रद्द केली. त्याचे कारण असे की, ह्या पद्धतीने अल्पमतांस खरोखरीच जागा दिली होती. १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य नगरपरिषदेत आले. त्याच वर्षी पीटर काकियोनी आणि दोन वर्षांनी बेंजामिन डेव्हिस हे साम्यवादी उमेदवारही निवडून आले. महायुद्ध संपून रशियाशी वैर जुंपताच विरोधकांना प्रचारासाठी आणखी काही शोधावे लागले नाही. १९४७ मध्ये पद्धत गेली, आणि १९४९ च्या निवडणुकीत २५ पैकी २४ जागा पुन्हा एकाच पक्षाकडे आल्या.

सिनसिनाटीची कथा ह्याहून बोलकी आहे. तेथे १९२५ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ही पद्धत नांदली. तिला उखडण्याचे चार प्रयत्न फसले. पाचवा १९५७ मध्ये साधला. त्या वेळी थिओडोर बेरी हे कृष्णवर्णीय वकील उपमहापौर होते, आणि नगरपरिषद महापौर निवडीत असल्यामुळे ते महापौर होतील अशी कुजबुज मुद्दाम पसरविण्यात आली. पद्धत बदलली आणि बेरी पुढची निवडणूक हरले. त्यांस महापौर होण्यास १९७२ साल उजाडावे लागले. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथेही १९७५ मध्ये दुसऱ्या पसंतीच्या मतांनी अल्बर्ट व्हीलर हे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. न्यायालयाने पद्धत वैध ठरविली. मतदारांनी पुढच्याच वर्षी ती काढून टाकली. तोवर हा दिवा तेवत राहिला होता तो मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज ह्या एकाच नावाजलेल्या शहरात. तेथे १९४१ पासून आजतागायत नगरपरिषद ह्याच रीतीने निवडली जाते.

ह्या साऱ्या कथांत न्यायाची आणि अन्यायाची दोन्ही उदाहरणे आहेत. परंतु एक गोष्ट त्यांत समान आहे. पद्धत ज्यांनी आणली त्याच नगरवासीयांनी ती काढली. त्यांचे कारण कधी क्षुद्र होते हे खरे. तरी अधिकार त्यांचाच होता.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. २००२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को शहराने ही पद्धत पुनरुज्जीवित केली आणि पाठोपाठ इतर शहरे आली. राज्याच्या पातळीवर ती प्रथम स्वीकारली ती ईशान्येकडील मेन ह्या राज्याने, २०१६ च्या जनमतकौलाने. तेथे २०१० मध्ये राज्यपाल निवडून आले ते शेकडा ३८ च्या आसपास मतांवर. बाकीची मते इतर उमेदवारांत विखुरली गेली. बहुसंख्यांना नको असलेला मनुष्य त्यांच्यावर राज्य करतो, ही खंत त्या कौलामागे होती. परंतु कौल लागला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अभिप्राय दिला की, राज्यपालपदाच्या अंतिम निवडणुकीस ही पद्धत घटनेप्रमाणे लागू करता येणार नाही. कारण घटनेत 'सर्वांत अधिक मते मिळविणारा' निवडून येईल असे शब्द आहेत.

हे शब्द घटनेत कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी मेनच्या घटनेत राज्यपालास निम्म्याहून अधिक मते आवश्यक होती. ती न मिळाल्यास निर्णय विधिमंडळाकडे जाई. १८७९ च्या तिरंगी लढतीत कोणासच तेवढी मते मिळाली नाहीत. विधिमंडळात बहुमत कोणाचे, ह्यावरच वाद पेटला, कारण अधिकारारूढ राज्यपालांच्या मंडळाने बारीकसारीक तांत्रिक दोष काढून विरुद्ध पक्षाच्या अनेकांची निवड अमान्य केली होती. ऑगस्टा ह्या राजधानीत सशस्त्र जमाव जमले. गेटिसबर्गच्या रणांगणावर कीर्ती मिळविलेले जोशुआ चेंबरलेन हे राज्याच्या नागरी सेनेचे प्रमुख होते. जानेवारी १८८० मध्ये सुमारे बारा दिवस त्यांनी एकही गोळी न झाडता राजधानी सांभाळली. न्यायालयाचा निर्णय येताच अधिकार वैध विधिमंडळाच्या हाती सोपवून ते बाजूला झाले. त्या भीतीच्या छायेत त्याच वर्षी घटना दुरुस्त झाली आणि 'निम्म्याहून अधिक' च्या जागी 'सर्वांत अधिक' हे शब्द आले. १८८० मध्ये रक्तपात टाळण्यासाठी घातलेले शब्द १३७ वर्षांनी पसंतीक्रमाच्या आड आले. निवडणुकीचे नियम लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, आजच्या संकटावरील उतारा उद्याच्या पिढीच्या हातातील बेडीही होऊ शकतो.

मेनच्या मतदारांनी राज्यपालपद वगळून उरलेल्या क्षेत्रात हट्टाने ही पद्धत टिकविली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील काँग्रेसच्या एका जागेसाठी ब्रूस पोलिक्विन हे पहिल्या मोजणीत २,१७१ मतांनी पुढे होते. पसंतीची मते वाटल्यावर जेरेड गोल्डन हे ३,५०९ मतांनी निवडून आले. पुढे अलास्का राज्यानेही २०२० मध्ये ती स्वीकारली. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे झालेल्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे दोन उमेदवार होते, सेरा पेलिन आणि निक बेगिच. दोघांची मिळून शेकडा ६० च्या जवळपास मते होती. तरी निवडून आल्या त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेरी पेल्टोला. कारण बेगिच बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांपैकी निम्मेच पेलिनबाईंकडे गेले. तीन दशमांशांच्या जवळपास पेल्टोलाबाईंकडे वळले, आणि सुमारे एक पंचमांश मतदारांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती.

ह्या दोन निकालांचा गाजावाजा सर्व देशभर झाला आणि पसंतीक्रम म्हणजे एका पक्षाचे कारस्थान, असा समज दुसऱ्या पक्षात दृढ झाला. बंदीची सुरुवात मात्र अलास्काच्या आधीच, २०२२ च्या वसंतात, टेनेसी आणि फ्लॉरिडा ह्या राज्यांनी केली होती. २०२३ मध्ये आयडाहो, मॉन्टॅना आणि साउथ डकोटा. २०२४ मध्ये अलाबामा, केंटकी, लुइझियाना, मिसिसिपी, ओक्लाहोमा आणि मिझुरी. २०२५ मध्ये आर्कान्सॉ, आयोवा, कॅन्सस, नॉर्थ डकोटा, वेस्ट व्हर्जिनिया आणि वायोमिंग, अशी ही यादी वाढत गेली. केंटकीत राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तो विधिमंडळाने ओलांडला. मिझुरीत घटनादुरुस्ती जनतेपुढे ठेवण्यात आली. पण त्याच प्रस्तावात 'केवळ नागरिकांनीच मतदान करावे' असेही एक कलम जोडलेले होते. नागरिक नसलेल्यांस तेथे आधीपासूनच मताधिकार नव्हता. दोन्ही गोष्टींवर मिळून एकच मत द्यावयाचे होते आणि शेकडा ६८ मतदारांनी ते अनुकूल दिले. त्यांतील कितीजणांनी पसंतीक्रमाचा विचार केला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

बंदी घालणाऱ्या बहुतेक राज्यांत ही पद्धत सार्वजनिक निवडणुकांत कोठे प्रत्यक्ष वापरातच नव्हती. दोन शहरांची हकीकत तेवढी सांगतो. फ्लॉरिडातील सारासोटाच्या मतदारांनी २००७ मध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक बहुमताने ती मंजूर केली होती. टेनेसीतील मेम्फिसच्या मतदारांनी २००८ मध्ये मंजूर केली. दहा वर्षे ती यंत्रांच्या आणि कायद्याच्या अडचणींत अडकून पडली. २०१८ मध्ये नगरपरिषदेने ती रद्द करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा मतदारांनी तो नाकारून आपला पहिला कौल पुन्हा उचलून धरला. ह्या दोन्ही शहरांत पसंतीक्रमाने एकही निवडणूक झाली नाही. २०२२ च्या कायद्यांनी तो प्रश्नच निकालात काढला. मेम्फिसकरांनी दोनदा दिलेल्या मताची एकदाही परीक्षा झाली नाही.

बंदीच्या पुरस्कर्त्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यांचे म्हणणे असे की, ही मोजणी सामान्य मतदारास उमगत नाही, निकाल लांबतो, आणि ज्यांनी पुढच्या पसंती लिहिल्या नाहीत त्यांची मते शेवटच्या फेरीपूर्वीच गळून पडतात. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत चाचणीसाठी भरलेल्या सुमारे १,३५,००० मतपत्रिका प्रत्यक्ष मोजणीत मिसळल्या आणि प्रसिद्ध केलेले आकडे मागे घ्यावे लागले. २०२२ मध्ये ओकलंड येथील शालेय मंडळाच्या एका जागेवर मोजणीच्या चुकीमुळे भलताच उमेदवार विजयी जाहीर झाला. शिवाय अलास्कातील मतपत्रिकांचा नंतर जो अभ्यास झाला त्यावरून असे दिसते की, बेगिच आणि इतर दोघींपैकी कोणीही अशी सरळ लढत झाली असती तर दोन्हींत बेगिचच जिंकले असते. तरी सर्वांत आधी बाद झाले ते तेच. म्हणजे ही पद्धत निर्दोष नाही. विरोध एकाच पक्षाचा होता असेही नाही. कॅलिफोर्नियात अधिक शहरांना ही मुभा देणारी विधेयके २०१६ मध्ये आणि २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक राज्यपालांनीच नाकारली. आणि अलास्कात २०२४ मध्ये त्याच पद्धतीने निक बेगिच ह्यांनी पेल्टोलाबाईंचा पराभव केला. पद्धत कोणत्याही पक्षाची बटीक नसते, ह्याला आणखी वेगळा पुरावा नको. त्याच दिवशी ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव अलास्कात अवघ्या ७४३ मतांनी पडला.

मोजणी अवघड असते ह्या आक्षेपाविषयी मी अनुभवाने दोन शब्द बोलू शकतो. शासकीय सेवेत एका पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीस मी टेबलाशी होतो. मतदार सारे पदवीधर. तरी कोणी अंकाऐवजी बरोबरची खूण केलेली, कोणी 'एक' हे अक्षरांत लिहिलेले, कोणी दोन नावांपुढे '१' मांडलेला. अशा मतपत्रिका नियमाप्रमाणे बाद कराव्या लागल्या. मोजणी रात्रभर चालली. पहाटे एक उमेदवार बाद झाला तेव्हा त्याच्या प्रतिनिधीने आपल्या गठ्ठ्यातील एकेक मतपत्रिका कोणाकडे जाते हे शेवटपर्यंत उभे राहून पाहिले, आणि कागदावर सही करून तो निमूटपणे निघून गेला. मोजणी सोपी असण्यापेक्षा ती हरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होणे अधिक महत्त्वाचे आहे, हे मला त्या पहाटे पटले.

लोकसभेसाठी ही पद्धत असावी की नाही, ह्याचा खल आपल्या घटना-समितीत जानेवारी १९४९ मध्ये झाला होता. मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. मतदारास निदान आकडे ओळखता आले पाहिजेत, आणि ज्या देशात बहुसंख्य लोक निरक्षर आहेत तेथे ही अपेक्षा करता येत नाही, हा त्यांचा एक मुद्दा. सरकार स्थिर राहिले पाहिजे, हा दुसरा. सूचना फेटाळली गेली. पण ती कारणे देऊन, त्या वेळच्या परिस्थितीकडे बोट दाखवून फेटाळली गेली. जेथे मतदार थोडे आणि साक्षर, तेथे त्याच घटनाकारांनी तीच पद्धत ठेवली. 'ही रीत येथे आज योग्य नाही' असे ते म्हणाले. 'ती कोठेही, कधीही नको' असे त्यांनी म्हटले नाही.

अमेरिकेतील बंदीच्या कायद्यांत नेमकी हीच कसर आहे. शहरे ही राज्याच्या कायद्याने जन्मलेली, तेव्हा राज्याने त्यांचे नियम ठरवावेत, हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. राज्यभर एकच रीत असावी ह्या अपेक्षेतही तथ्य आहे. परंतु ह्याच राज्यांपैकी लुइझियानाने परदेशी असलेल्या सैनिकांस ह्या बंदीतून वगळले आहे. टपाल वेळेवर पोचत नाही म्हणून फेरनिवडणुकीसाठी त्यांची पसंती आधीच क्रमाने लिहून घेतली जाते. सैनिकास जी रीत समजते ती त्याच्या गावी असलेल्या भावास समजणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

ह्याउलट व्हरमाँटमधील बर्लिंग्टन शहराचे उदाहरण घ्या. तेथे २००५ मध्ये पद्धत मंजूर झाली. २००९ च्या महापौर निवडणुकीत पहिल्या मोजणीत आघाडीवर असलेला उमेदवार शेवटी हरला, लोक नाराज झाले आणि २०१० मध्ये त्यांनी ती काढून टाकली. अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच शहराने नगरपरिषदेसाठी ती पुन्हा मंजूर केली. बर्लिंग्टनने एकदा चूक केली असेल. कोणती वेळ चुकीची हे मी सांगू शकत नाही. पण चूक करण्याचा आणि ती उमजल्यावर सुधारण्याचा मार्ग त्या शहरास मोकळा होता. मेम्फिसला तो राहिला नाही.

ही गोष्ट केवळ दूरदेशची म्हणून ऐकून सोडून देण्याजोगी नाही. आपल्याकडे महानगरपालिकांचे प्रभाग कधी एकसदस्यीय, कधी बहुसदस्यीय होतात; तो पालट राज्याचा कायदा करतो, आणि नगरवासीयांचा कौल त्यासाठी घेतला जात नाही. आपणांस ते इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात विचारण्यासारखे काही आहे असेही वाटत नाही. सारासोटाच्या आणि मेम्फिसच्या नागरिकांना निदान एकदा विचारले गेले होते. त्यांनी दिलेल्या उत्तराचा अनुभव घेऊन पाहण्याची संधी त्यांना मिळावयास हवी होती, एवढेच मला ह्या इतिहासावरून म्हणावेसे वाटते.